'मानभावी' म्हणताना

पीटर वीअरच्या 'विटनेस' (1985) या चित्रपटात एक लहान आमिश मुलगा आईबरोबर फिलाडेल्फियाच्या रेल्वे स्टेशनवर येतो. गर्दीत त्याला काळी टोपी, काळा कोट आणि दाढी असलेला एक माणूस दिसतो. आपल्यातलाच कुणीतरी असेल म्हणून मुलगा त्याच्याजवळ जातो. तो माणूस निघतो सनातनी ज्यू. दोघं एकमेकांकडे बघतात, आणि मुलगा मागे फिरतो. संवाद एकही नाही, पण कपड्यांवरून माणूस ओळखायला गेलं की काय होतं, ते सगळं त्या काही सेकंदांत आहे.

याच स्टेशनवर तो मुलगा खून होताना बघतो आणि साक्षीदार ठरतो. इथवर आपण त्याच्या डोळ्यांनी शहर बघत असतो. मग हॅरिसन फोर्डचा जखमी पोलीस आमिश गावात लपायला येतो आणि कॅमेरा उलटा फिरतो. आता बघणारे आपण, आणि बघितले जाणारे आमिश. शेजारीपाजारी जमून दिवसभरात नवं कोठार उभारतात, तो प्रसंग फारच देखणा आहे. तरी माझी तक्रार तिथंच आहे. ती माणसं सुंदर दिसतात, पण काय विचार करतात ते कळत नाही. कुठलं यंत्र घ्यायचं आणि कुठलं नाही, हे आमिश मंडळी एकत्र ठरवतात. त्यानं घराचं आणि शेजाराचं काय होईल, हा त्यांचा प्रश्न असतो. म्हणून कित्येक ठिकाणी फोन घरात नसतो, पण शेताच्या कडेला सामायिक खोपटात असतो. चित्रपटाला या वादविवादात रस नाही. त्याला कंदिलाचा उजेड पुरतो.

सोनपेठमध्ये मोबाइलवर हा चित्रपट बघताना आमिश मला फार लांबचे वाटले नाहीत. आमच्या मराठवाड्यात महानुभाव आहेत. भेटल्यावर 'दंडवत प्रणाम' म्हणणारे, पंचकृष्णांशिवाय दुसऱ्या देवाला न जाणारे, मांस-मद्य वर्ज्य मानणारे. तुलना ओढूनताणून करायची नाही. आमिश वेगळ्या वसाहतींत शेती करून राहतात. महानुभावांत संन्यास घेतलेले आहेत, तसे घरसंसार करणारे वासनिकही आहेत, आणि ते तुमच्या-माझ्या वर्गात, एसटीत, दुकानात असतात. साम्य वेगळ्याच गोष्टीत आहे. दोघांबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांचं ऐकणारे थोडे.

आमिशांचं निदान कंदिलाचं चित्र झालं. महानुभावांची आपण शिवी केली. 'मानभाव' हे 'महानुभाव'चंच बोलीतलं रूप. त्यावरून आलेला 'मानभावी' हा शब्द आपण वरून गोड आणि आतून कपटी माणसासाठी वापरतो. अग्रलेखात वापरतो, भाषणात वापरतो, मित्राला टोमणा मारताना वापरतो. एका अख्ख्या पंथाबद्दलचा जुना आकस शब्दकोशात जाऊन बसला आहे, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आकस टिकायला कुणी मनात राग धरावा लागत नाही, शब्द चालू राहिला तरी पुरतं.

आणि हे कुणाच्या बाबतीत? ज्यांनी मराठी गद्याचा पाया घातला त्यांच्या. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात गोळा केल्या, तो 'लीळाचरित्र' हा ग्रंथ. पंडितांना संस्कृत येत होतं, तरी नागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला, कारण संस्कृतात लिहिलं तर साध्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नव्हतं. साक्षीदार हा शब्द मला इथं जास्त शोभतो. म्हाइंभट ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन विचारत राहिले. म्हणून या ग्रंथात उपदेशाबरोबर जेवणखाण आहे, थट्टा आहे, रुसवे आहेत, बायकांचे थेट प्रश्न आहेत. शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटलेला ससा स्वामींच्या आसऱ्याला येतो, त्या लीळेत स्वामी शिकाऱ्यांनाही हाकलून देत नाहीत, त्यांच्याशी बोलतात. 'विटनेस'मध्ये जे राहून गेलं ते इथं आहे. वेगळ्या वाटेनं जाणारी माणसं स्वतःच्या तोंडून बोलतात.

मग हा आवाज आपल्यापर्यंत का आला नाही? याला दुसरीही बाजू आहे. पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या कामामुळे ते बाहेरच्या वाचकांपुढे येऊ लागले. लिपीनं ग्रंथ जपले. पण मधल्या शतकांत बाहेरच्यांना वाचायला काही नव्हतं, आणि वाचायला नसलं की लोक ऐकीव गोष्टींवर भागवतात. दार लावून घेण्याची ही किंमत आहे, आणि ती आमिशही मोजत असतील.

आता मात्र ती सबब उरलेली नाही. 'लीळाचरित्र' छापून कित्येक वर्षं झाली. ऋद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे. मराठीला 2024 मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या दर्जाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथकारांचं नाव आपण अजून ढोंग या अर्थानं वापरतो. 'विटनेस' जरूर बघा, स्टेशनचा प्रसंग दोनदा बघा. 'लीळाचरित्र'ही उघडा, भाषा जुनी असली तरी दहा पानांत कान सरावतो. आणि कपटी माणसाला कपटीच म्हणा. मराठीत तो शब्द आहे.