‘मलिक’ आणि ‘मालक’ : एका अरबी उपाधीची अर्थचिकित्सा

प्रस्तावना : मराठीतील ‘मालक’ व ‘मुलूख’ हे शब्द आणि दख्खनच्या इतिहासातील ‘मलिक’ ही उपाधी यांचे मूळ ‘म-ल-क’ या एकाच अरबी धातूत आहे. तथापि ‘मलिक’ म्हणजे राजा आणि ‘मालिक’ म्हणजे धनी. हा भेद दुर्लक्षिल्यास अर्थनिर्णय सदोष ठरतो.

विवेचन : कुरआनच्या पहिल्या अध्यायात ईश्वराला निवाड्याच्या दिवसाचा स्वामी म्हटले आहे. तेथे ‘मालिक’ व ‘मलिक’ हे दोन्ही पाठ परंपरेला मान्य आहेत. धन्याचा वस्तूवर हक्क असतो, तर राजाची आज्ञा चालते. ईश्वराच्या ठायी हक्क आणि आज्ञा एकत्र नांदतात. म्हणूनच ‘राजांचा राजा’ हे बिरुद माणसाने धारण करणे हदीसने निषिद्ध मानले.

दख्खनमध्ये मात्र ‘मलिक’ ही सरदाराची उपाधी झाली. मलिक अहमद १४९० मध्ये स्वतंत्र झाला आणि ‘निजामशाह’ म्हणवू लागला. राजा होताना त्याने राजवाचक अरबी उपाधीऐवजी फारसी ‘शाह’ स्वीकारले, हे लक्षणीय आहे. १६१० मध्ये खडकी वसविणाऱ्या मलिक अंबरने निजामशाहीची सूत्रे हाती ठेवली; परंतु १६२६ मध्ये निधन होईपर्यंत तो स्वतः तख्तावर बसला नाही. त्याच्या उपाधीचा अर्थ ‘राजा’ असा लावल्यास त्याच्या सत्तेचे स्वरूपच चुकीचे समजते.

मराठीने लोकव्यवहारासाठी ‘मालिक’ हे रूप घेऊन त्याचा ‘मालक’ केला. शिर्डीच्या साईबाबांच्या ‘अल्ला मालिक’ या उद्गारात त्याचा ईश्वरवाचक अर्थ टिकून आहे. ज्याचा माल तो मालक, ही व्युत्पत्ती मात्र ग्राह्य नाही. ‘माल’ या अरबी शब्दाचा धातू वेगळा आहे. लासलगावच्या बाजार समितीत (स्थापना १९४७) हे दोन्ही शब्द रोज एकत्र ऐकू येतात, त्यामुळे हा समज स्वाभाविक वाटतो. परंतु हक्क आणि आज्ञा यांतील भेदाचा प्रत्ययही येथेच येतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने कांदा निर्यातीवर घातलेली बंदी मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात शेतकरी कांद्याचा मालक होताच. तो परदेशी पाठविण्याचा निर्णय मात्र त्याच्या हाती नव्हता.

निष्कर्ष : देवनागरीत ‘म’ आणि ‘मा’ यांतील भेद स्पष्ट दिसतो, रोमन लिपीत तो सहसा लोपतो. यास्तव इतिहासलेखनात व अध्यापनात ‘मलिक’ आणि ‘मालिक’ ही रूपे काटेकोरपणे वेगळी राखणे आवश्यक ठरते.