‘पत्री’ या नावावरून नेमकं काय सिद्ध होतं?

संशोधनाची तयारी करताय, तर आज एक ओळखीचं वाक्य तपासायला घेऊ. ‘‘खबऱ्यांच्या पायाला पत्र्या ठोकायचे, म्हणून तर पत्री सरकार नाव पडलं!’’ कुंडलच्या पारापासून भाषणांपर्यंत हे तुम्हाला कुठंही ऐकू येईल. बैलाच्या खुराला मारतात तशी पत्री माणसाच्या पायाला. ऐकणारा हादरतो आणि पुढचं विचारायचंच विसरतो. आपण विचारू.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९४२ च्या ‘चले जाव’नंतर तेव्हाच्या सातारा जिल्ह्याच्या भागात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं आणि १९४६ पर्यंत टिकलं. लोकन्यायालयं चालवणं, गावगुंडांचा बंदोबस्त करणं ही त्याची कामं. तेव्हा औंध संस्थानात असलेलं कुंडल हे त्याचं मोठं केंद्र, आणि जी. डी. बापू लाड हे त्याच्या तुफान सेनेचे एक प्रमुख नेते.

आता वाक्याकडे. पत्र्या ठोकायचे कशावरून? नावावरून. नाव का पडलं? पत्र्या ठोकायचे म्हणून. झालं, फिरून पुन्हा तिथंच आलो. जे सिद्ध करायचं तेच कारण म्हणून पुढं केलंय. न्यायशास्त्रात हेत्वाभासांचे, म्हणजे खोट्या कारणांचे, पाच प्रकार सांगितलेत. त्यातल्या ‘साध्यसम’शी याची गाठ पडते : ज्या कारणालाच पुराव्याची गरज आहे, असं कारण.

दुसरं असं की, ‘प्रति’ हा शब्द बोलताबोलता ‘पत्री’ होऊ शकतो. म्हणजे पत्र्या न ठोकताही हे नाव पडू शकतं. जे कारण दोन्ही शक्यतांना सारखंच लागू पडतं, ते एकीच्या बाजूनं साक्ष देऊ शकत नाही. हा ‘सव्यभिचार’. मात्र ‘प्रतिचंच पत्री झालं’ हेही नुसत्या उच्चारसाम्यावरून ठरत नाही, बरं का!

मग नावाबाहेरचा पुरावा हवा. चळवळीतल्या माणसांच्या सांगण्यानुसार, शिक्षा म्हणून तळपायांवर काठीनं मारलं जाई. खिळे ठोकणं ही अफवा. यावर लगेच उत्तर येतं : ‘‘ते त्यातलेच. ते थोडंच कबूल करणार?’’ समोरच्या बाजूलाही तयार उत्तर असतं : ‘‘पोलिसांच्या नोंदी ना? इंग्रजांच्या त्या. खोट्याच असणार.’’ दोघंही पुरावा न वाचता माणूस बघून निकाल देतात.

इथं एक बारीक फरक लक्षात ठेवा. कुणी युक्तिवाद करत असेल, तर तो कोण आहे याचा संबंध नाही; युक्तिवाद तपासा. पण कुणी साक्ष देत असेल, तर तो कोण, त्यानं स्वतः पाहिलं का, त्याचा हितसंबंध काय, हे विचारायलाच हवं. मात्र हितसंबंध दिसला म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. ती दुसऱ्या पुराव्याशी ताडून बघायची, एवढंच.

आता हुशार विद्यार्थी ज्यात अडकतात तो सापळा. ‘नावावरचा युक्तिवाद पडला, म्हणजे प्रतिसरकारनं कुणाला इजाच केली नाही.’ असं कसं? कारण कोसळलं की दावा अधांतरी राहतो. त्याचा उलटा दावा आपोआप खरा होत नाही. शिवाय तळपायावर काठ्या, हीसुद्धा मारहाणच. ‘पत्र्या ठोकल्या’ आणि ‘काहीच केलं नाही’ या दोनच शक्यता धरल्या, की नेमकी हीच गोष्ट नजरेतून सुटते.

शब्दांतही निकाल लपलेला असतो. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ क्रांतिकारकांनी रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम घेतली. ‘लूट’ म्हटलं तर गुन्हा ठरला. त्या मोहिमेतले कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड यांनी हा शब्दच नाकारला : इंग्रजांनी लोकांकडून लुटलेला पैसा आम्ही लोकांकडे परत आणला, असं त्यांचं म्हणणं. ‘परत आणला’ म्हटलं तर न्याय ठरला. तुम्ही लिहिताना आधी घटना लिहा : गाडी अडवली, रक्कम घेतली. नाव कोणतं द्यायचं हा पुढचा वाद. तो कारणं देऊन उघडपणे करा.

हे काटेकोरपण कशासाठी? शिक्षा देणाऱ्यांची आणि भोगणाऱ्यांची नातवंडं आजही याच गावांत राहतात. प्रबंधातलं ‘नावावरूनच स्पष्ट होते की…’ हे वाक्य कुणाच्या तरी आजोबांवर न झालेल्या क्रौर्याचा शिक्का मारू शकतं, किंवा कुणाच्या तरी आजोबांनी सोसलेला मार पुसून टाकू शकतं.

म्हणून एक सवय लावून घ्या. कागदावर तीन रकाने आखा : दावा, कारण, आणि ते कारण कुठून आलं. तिसऱ्या रकान्यात पुन्हा दावाच लिहावा लागला, तर तिथं थांबा. आणि हो, सुरुवात स्वतःला पटलेल्या वाक्यापासून करा. न पटणारं वाक्य आपण तसंही तपासतोच.