बंदूक आणि तिचे पर्यायशब्द

अमेरिकेतील बंदूक-व्यवसायाची 'नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशन' ही संघटना आहे. तिने २००९ साली एका जुन्या वस्तूचे नव्याने बारसे केले. ए. आर. १५ या जातीच्या रायफलींना यापुढे 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल', म्हणजे आधुनिक क्रीडा-रायफल, म्हणावे असा प्रचार तिने सुरू केला. वस्तूत काहीही बदलले नव्हते. नळी तीच, चाप तोच, काडतूसही तेच. बदलले ते एवढेच की युद्धभूमीची आठवण करून देणाऱ्या नावाच्या जागी मैदानाची आठवण करून देणारे नाव आले. बंदूक बाळगणाऱ्यांनी आपल्या वस्तूसाठी निवडलेले शब्द आणि त्या शब्दांनी इतरांच्या मनात निर्माण केलेले चित्र हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो प्रामुख्याने अमेरिकेचा असला तरी ग्वाल्हेर-चंबळच्या परिसरात पिढ्या काढलेल्या आपल्या कुटुंबांना अगदीच परका वाटू नये.

ज्या नावाला बाजूला सारण्यासाठी हा खटाटोप झाला त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. 'असॉल्ट रायफल' हा शब्द १९४४ सालच्या 'श्टुर्मगेवेअर' या जर्मन नावाचा इंग्रजी अवतार. त्यात हल्ल्याचा अर्थ उघड आहे आणि तो तसा असावा अशीच नाव देणाऱ्यांची इच्छा होती. त्यावरून पुढे 'असॉल्ट वेपन' हा सैल शब्द आला. हा शब्द बंदूकविरोधकांनी रचला, असे बंदूकधारी आज सांगतात. परंतु १९८० नंतरच्या दशकात बंदूक-शौकिनांसाठी निघणारी पुस्तकेच हा शब्द मुखपृष्ठावर मिरवीत होती. सैनिकी रुबाब विकला जात होता तोवर नावातला हल्ला कोणाला खुपला नाही. कायद्याने तोच शब्द उचलल्यावर मात्र तो खुपू लागला. ए. आर. ही अक्षरे 'आर्मालाइट रायफल' या उत्पादक कंपनीच्या नावावरून आली आहेत, 'असॉल्ट रायफल'वरून नव्हेत, हे बंदूकधाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. ते ज्या आवेशाने सांगितले जाते त्याचा विचार पुढे करू.

बंदुकीचे शिक्षण देणारे कित्येक अमेरिकी प्रशिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना 'वेपन' हा शब्द वापरू देत नाहीत. 'फायरआर्म' म्हणा, 'टूल' म्हणा, पण 'वेपन' नको. हातोडी किंवा करवत यांच्याप्रमाणे बंदूक हेही केवळ साधन, भले-बुरे वापरणाऱ्याच्या हाती, असा त्यामागील युक्तिवाद. मराठी वाचकाला येथे थोडे थांबावेसे वाटेल. कारण इंग्रजीत जी जोडणी मुद्दाम करावी लागते ती आपल्या भाषेत आयती आहे. आपले 'हत्यार' सुताराचेही असते आणि शिपायाचेही. खंडेनवमीला तलवारीशेजारी रंधा, विळा, कात्री मांडून आपण सर्वांना सारखेच गंधफूल वाहतो. हिंदीत तसे नाही. तेथे कारागिराचे ते 'औजार' आणि मारण्याचे ते 'हथियार'. ग्वाल्हेरच्या मराठी घरात वाढलेल्या मुलाने 'सुताराची हत्यारे' याचे शब्दशः हिंदी केले तर शेजारी दचकतील! परंतु आपल्या भाषेतील ही एकता कष्टाच्या आणि पूजेच्या संस्कारातून आलेली आहे, विक्रीच्या गरजेतून नव्हे. शिवाय रंध्याने लाकूड तासले जाते हे सांगायला कोणी संकोचत नाही. 'टूल' म्हणणारा मात्र या साधनाने कोणते काम होते हे सांगण्याच्या टप्प्यावर गप्प होतो. कोल्ट कंपनीच्या १८७३ सालच्या रिव्हॉल्व्हरला लोकांत 'पीसमेकर', म्हणजे शांतिकर्ता, हे नाव रूढ झाले. ते निदान उघड विनोदी तरी होते.

'सायलेन्सर'ची कथा याहून बोलकी आहे. यंत्रतोफेचा जनक हायरम मॅक्सिम याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याला १९०९ मध्ये या उपकरणाचे पेटंट मिळाले आणि 'मॅक्सिम सायलेन्सर' याच नावाने त्याने ते विकले. नाव अतिशयोक्त होते. बंदुकीचा आवाज त्याने पुष्कळ कमी होतो, पण जे उरते तेही कानठळ्या बसवणारेच असते. पुढे चित्रपटांनी ती अतिशयोक्ती खरी मानली आणि फुस्स आवाज करून मारणारा मारेकरी लोकांच्या मनात कायमचा बसला. १९३४ च्या केंद्रीय कायद्याने या उपकरणावर दोनशे डॉलरचा कर बसवला. आता बंदूकधारी म्हणतात की खरा शब्द 'सप्रेसर', म्हणजे दाबणारा. येथे सत्य त्यांच्या बाजूने आहे, हे मान्य करायला हवे. परंतु सुधारणा तेवढ्यावर थांबली नाही. कर उठवण्यासाठी २०१७ मध्ये जे विधेयक चर्चेत आले त्याचे नाव होते 'हिअरिंग प्रोटेक्शन अ‍ॅक्ट', श्रवणसंरक्षण अधिनियम. नावातून बंदूक समूळ नाहीशी झाली आणि उरला तो एक कनवाळू वैद्य. ते विधेयक तसेच राहिले, पण कर मात्र २०२५ च्या एका मोठ्या वित्तीय कायद्यातून शून्यावर आणला गेला आणि १ जानेवारी २०२६ पासून तो तसा लागू झाला. नावाच्या या दुरुस्तीने कर उतरला, असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि मारेकऱ्याच्या उपकरणावरचा कर उठवणे आणि कानाच्या संरक्षणावरचा कर उठवणे यांपैकी लोकप्रतिनिधीला कोणते सोपे, हे सांगायला नको.

आता त्या आवेशाविषयी. अमेरिकेत बंदुकीवर कोणी सामान्य माणूस बोलू लागला आणि त्याने 'मॅगझिन' म्हणायच्या ठिकाणी 'क्लिप' म्हटले, की त्याचे बोलणे तेथेच संपवले जाते. क्लिप म्हणजे काडतुसे एकत्र धरणारी पट्टी, मॅगझिन म्हणजे ती बंदुकीत पुरवणारी पेटी. भेद खरा आहे. पण गोळीबारात मूल गमावलेल्या आईने पेटीला पट्टी म्हटले म्हणून तिचा प्रश्न चुकीचा कसा ठरतो? ज्याला पारिभाषिक शब्द येत नाहीत त्याला मतही नसावे, ही वृत्ती आपल्याकडील शास्त्रार्थांतही पुष्कळ दिसते. उच्चार चुकला म्हणून याचकाला ओसरीवरूनच परत पाठवण्यासारखे हे आहे.

आणि तरीही, आयुष्य शासकीय मसुद्यांत गेलेल्या माझ्यासारख्याला या पारिभाषिक हट्टाची पूर्ण हेटाळणी करवत नाही. १९९४ चा अमेरिकी बंदीकायदा कशाने दुबळा झाला? व्याख्येने. रायफल 'असॉल्ट वेपन' आहे की नाही हे ठरवताना तिला पिस्तुलासारखी मूठ, दुमडता दस्ता, संगीन बसवण्याची खोबण अशा खुणांपैकी दोन आहेत काय, हे पाहायचे होते. उत्पादकांनी खुणा काढल्या, नाव बदलले आणि जवळजवळ तीच रायफल पुन्हा दुकानात मांडली. दहा वर्षांनी, सप्टेंबर २००४ मध्ये, कायद्याची मुदत संपली. भीती वाटणाऱ्या रूपाला धरून शब्द योजला की रूप बदलताच शब्द पोकळ होतो. म्हणून विरोधकांनाही शब्दांचा अभ्यास टाळता येणार नाही. तो करणाऱ्यांना बंदूकधाऱ्यांनी उपहासाऐवजी उत्तर दिले असते तर चर्चा पुढे गेली असती.

सर्वांत मोठा वाद मात्र दोनच शब्दांचा आहे. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीतील 'बेअर आर्म्स' म्हणजे काय? अंगावर शस्त्र वागवणे, की सैनिक म्हणून लढाईत उतरणे? २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी व्यक्तीचा हक्क मान्य केला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी शब्दांचा सरळ अर्थ घेतला, तर न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी हा सैनिकी वाक्प्रचार असल्याचे भिन्नमत नोंदवले. त्यानंतर त्या काळच्या हजारो लेखांचे संगणकीय संग्रह अभ्यासले गेले आणि हा प्रयोग बहुतांशी सैनिकी संदर्भातच होत असे, असे भाषाभ्यासकांना आढळले. मराठी माणसाला हे पटायला वेळ लागू नये. 'त्याने शस्त्र हाती घेतले' याचा अर्थ 'त्याने कपाटातून बंदूक काढली' असा कोणी करीत नाही. वाक्प्रचाराचे शब्द सुटे करून अर्थ लावला की असेच व्हायचे. कोट्यवधी लोकांचा हक्क त्या सुट्या शब्दांवर उभा राहावा ही भाषेच्या अभ्यासकाला अंतर्मुख करणारी गोष्ट आहे.

बंदूकधाऱ्यांची सगळीच शब्दयोजना सारवासारवीची आहे असे मात्र म्हणता येत नाही. पूर्वी हातून नकळत गोळी उडाली की 'अ‍ॅक्सिडेंटल डिस्चार्ज', अपघाती बार, असे म्हणत. प्रशिक्षकांच्या वर्गांत आता 'नेग्लिजंट डिस्चार्ज', निष्काळजीपणाचा बार, असे म्हणण्याचा आग्रह धरला जातो. बंदूक आपोआप उडत नाही, कोणीतरी चापावर बोट ठेवलेले असते, हे त्यातून शिकवले जाते. जेफ कूपर या नामांकित प्रशिक्षकाचा पहिला नियमच असा की प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी. स्वतःला दोष देणारा शब्द स्वतःहून स्वीकारणारे समूह फार थोडे. आपण मात्र अजून 'गोळी सुटली', 'गोळी लागली' असेच लिहितो. अकर्मक क्रियापद हे मराठीचे एक सौजन्य आहे, पण पंचनाम्यात ते आरोपीच्या फार उपयोगी पडते.

विरोधकांचे शब्दही धुतल्या तांदळासारखे नाहीत. 'हँडगन कंट्रोल' या संस्थेने २००१ मध्ये नावातील 'कंट्रोल' गाळून 'ब्रेडी कॅम्पेन' हे नाव घेतले. २०१४ च्या 'एव्हरीटाउन' या संघटनेने 'गन सेफ्टी' हा शब्द नावातच घेतला. बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण या अर्थाने तो शब्द मूळचा बंदूकधाऱ्यांचा. म्हणजे नियंत्रणाच्या बाजूने शत्रूच्या कोठारातूनच माल उचलला. पण दोन्ही पक्षांच्या शब्दांआड जे झाकले जाते ते अधिक गंभीर आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली आणि त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. एक पक्ष 'सेल्फ डिफेन्स' म्हणतो, दुसरा 'गन व्हायोलन्स' म्हणतो. दोन्ही शब्दांत समोर कोणीतरी दुसरा उभा असतो. २०२३ च्या प्यू संस्थेच्या पाहणीत ७२ टक्के बंदूकधाऱ्यांनी संरक्षण हे आपले प्रमुख कारण सांगितले. ज्याच्यापासून संरक्षण हवे तो अर्ध्याहून अधिक मृत्यूंत घरातला तोच माणूस असतो. त्याच्यासाठी या वादात शब्दच नाही. रागाच्या किंवा निराशेच्या घटकेत बंदूक काही दिवस मित्राकडे ठेवायला द्या, असे सांगायचे तर ज्या भाषेत सांगायचे तीत बंदूक हा हक्क आहे किंवा पाप आहे. अडचणीची वस्तू म्हणून तिला नाव नाही.

आपल्याकडे वळू. भारतीय कायद्याची भाषा अगदी उलट टोकाची आहे. १८७८ च्या ब्रिटिश शस्त्रकायद्याने शस्त्र ही सरकारी मेहरबानी केली. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता, पण तो संविधानात आला नाही. १९५९ च्या कायद्यात 'संरक्षण', 'क्रीडा' आणि ठासणीच्या बंदुकीसाठी 'पीकसंरक्षण' हे शब्द आले. कोकण-गोव्याच्या किंवा खानापूरच्या रानालगत डुकरांपासून भात राखणाऱ्याच्या अर्जात हे शब्द शब्दकोशातल्या अर्थाने येतात. मध्य प्रदेशात परवान्याची प्रकरणे काही वर्षे माझ्या टेबलावरून गेली. तेथे 'आत्मरक्षा' हा शब्द जवळजवळ प्रत्येक अर्जात असे आणि अर्जदाराच्या बोलण्यात तो क्वचितच येई. बोलण्यात येई ती 'शान'. २००८ मध्ये शिवपुरी जिल्ह्यात पुरुष-नसबंदी करून घेणाऱ्यास बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना निघाली. पौरुषाची एक खूण देऊन दुसरी घ्या, असा तिचा अर्थ लोकांनी बरोबर ओळखला. आत्मरक्षेचा तेथे कोणी उच्चारही केला नाही.

या मुलखात 'लायसेन्सी' हे विशेषण सभ्यतेचे प्रमाणपत्र आहे. लायसेन्सी ती घरंदाज, 'कट्टा' तो गुन्हेगाराचा. मराठीत कट्टा म्हणजे चार मित्रांनी बसून गप्पा माराव्यात ती जागा. अलीकडे मराठी वृत्तपत्रे 'गावठी कट्टा' लिहितात तेव्हा गावठी तुपाचा आणि गावठी कोंबडीचा सगळा घरगुतीपणा त्या लोखंडाला चिकटतो, हे त्यांच्या ध्यानात येत नसावे. चंबळमध्ये डाकूने स्वतःला नेहमी 'बागी' म्हणवले. आपले विनोबा १९६० मध्ये भिंड-मुरैनात फिरले आणि १९७२ मध्ये जौरा येथे जयप्रकाशांसमोर शस्त्रे ठेवली गेली, तेव्हा 'शरणागती'पेक्षा 'समर्पण' हा शब्द वापरात आला. त्या शब्दामुळे काही माणसांना शस्त्र खाली ठेवणे शक्य झाले, असे मला वाटते. शब्द सौम्य होता, पण तो शस्त्राला नव्हे, माणसाला लावलेला होता.

याच मुलखातील 'हर्ष फायर'विषयी तसे म्हणवत नाही. वरातीत हवेत गोळ्या झाडायच्या, त्यांतली एखादी गच्चीवर उभ्या असलेल्या मुलीला किंवा खुद्द नवरदेवाला लागायची आणि दुसऱ्या दिवशी छापून यायचे की 'हर्ष फायर'मध्ये एक ठार. मेला त्याच्या घरी हर्ष कसला? झाडणाऱ्यांनी आपल्या कृतीला दिलेले नाव पोलिसांनी घेतले, पोलिसांकडून बातमीदारांनी घेतले. २०१९ च्या शस्त्र दुरुस्ती कायद्याने व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तरतूद स्वागतार्ह आहे. पण इंग्रजी मसुद्यात गुन्ह्याचे नाव पडले 'सेलिब्रेटरी गनफायर'. सार्वजनिक समारंभ, धर्मस्थळे, लग्नाच्या वराती यांत गोळ्या झाडण्याची प्रथा, अशी त्याची व्याख्याही झाली आणि झाडणाऱ्याचा आनंद कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला. कायद्यातील शब्द आता सहजी बदलणार नाही. आपल्या मराठी पत्रांनी आणि पत्रिकांनी मात्र 'लग्नातील गोळीबार' असे लिहायला काहीच हरकत नाही.