आकांक्षा आणि पूर्ती : नासच्या ‘इलमॅटिक’चे प्रथम स्वागत

कलाकृती प्रसिद्ध होण्यापूर्वी तिच्याविषयी रसिकांच्या मनात जी अपेक्षा साठत जाते, तिचा विचार समीक्षेत बहुधा गौण मानला जातो. अपेक्षा हा बाजाराचा विषय आणि कृती हा समीक्षेचा, अशी वाटणी सोयीची आहे; परंतु ती फार काळ टिकत नाही. हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ साली कॉन्स्टान्झ विद्यापीठातील आपल्या व्याख्यानात ‘अपेक्षाक्षितिजा’ची कल्पना मांडली, आणि हे क्षितिज व प्रत्यक्ष कृती यांमधील अंतर हे कलामूल्याचे एक गमक ठरविले. वाचकाची अपेक्षा जशीच्या तशी पुरविणारी कृती, त्याच्या मते, केवळ चवीपुरत्या कलेच्या जवळ जाते. हा निकष सर्वत्र लागू पडतो काय, हे एका उदाहरणावर तपासून पाहण्यासारखे आहे. अमेरिकन रॅपर नास याचा ‘इलमॅटिक’ हा पहिला संग्रह १९ एप्रिल १९९४ रोजी प्रसिद्ध झाला. ज्यांनी त्याची वाट पाहिली त्यांना हवे होते तेच त्यात मिळाले, आणि तरीही तो शिळा झाला नाही. याउसच्या निकषाला ही अडचण आहे.

नासिर जोन्स ऊर्फ नास याचा जन्म १९७३ चा. न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागातील क्वीन्सब्रिज या विस्तीर्ण सरकारी वसाहतीत तो वाढला. वडील ओलू दारा हे जाझ परंपरेतले वादक. १९९१ साली ‘मेन सोर्स’ या मंडळीच्या संग्रहातील ‘लाइव्ह ॲट द बार्बेक्यू’ या गीतात आरंभीचे कडवे या सतरा वर्षांच्या मुलाचे होते. धर्मभावनेला उघड धक्का देणाऱ्या अतिशयोक्तीपेक्षाही त्या कडव्याची बांधणी जाणकारांच्या ध्यानात राहिली. पुढे ऑक्टोबर १९९२ मध्ये ‘हाफटाइम’ हे त्याचे स्वतंत्र गीत एका चित्रपटाच्या संगीतातून बाहेर आले. त्यानंतर संग्रह हाती येईपर्यंत आणखी दीड वर्ष गेले. म्हणजे एका कडव्याच्या बळावर जवळजवळ तीन वर्षे एका संग्रहाची प्रतीक्षा चालली होती.

या प्रतीक्षेचे स्वरूप समजून घेण्यास भारतीय शाब्दबोधविचार उपयोगी पडतो. पदांच्या समूहातून वाक्यार्थाचा बोध होण्यास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. एका पदाचा अन्वय दुसऱ्या पदावाचून पुरा होत नाही, ही आकांक्षा. दोहोंच्या अर्थांत विरोध नसणे, ही योग्यता. आणि त्यांचा उच्चार फार अंतर न पडता होणे, हा सन्निधी. हे निकष वाक्याचे आहेत, संपूर्ण कृतीला ते लावणे अतिव्याप्त होईल, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वाक्यांच्या समुच्चयास ‘महावाक्य’ म्हटले असून त्यालाही हेच निकष लागू केले आहेत. ‘लाइव्ह ॲट द बार्बेक्यू’मधील कडवे हे अशा एका महावाक्याचे पहिले पद होते, असे मानल्यास पुढील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

प्रथम सन्निधी. नैयायिकांचे म्हणणे असे की, एक पद आता आणि दुसरे प्रहरभराने उच्चारले तर वाक्यार्थ होत नाही. येथे तर मध्ये तीन वर्षे लोटली होती. वाक्य तुटले कसे नाही? ते श्रोत्यांनी तुटू दिले नाही, हे त्याचे उत्तर. ‘हाफटाइम’, जानेवारी १९९४ मधील ‘इट एन्ट हार्ड टु टेल’ आणि हातोहात फिरणाऱ्या ध्वनिफिती यांनी मधले अंतर बुजविले. संग्रह पुरा होण्यापूर्वीच त्यातील गीतांच्या चोरट्या प्रती बाहेर पडल्या होत्या आणि त्यामुळे काम आटोपते घ्यावे लागले, असे त्याच्याशी संबंधित मंडळींनी पुढे सांगितले. संग्रह अवघ्या चाळीस मिनिटांचा झाला : एक प्रवेशिका आणि नऊ गीते. निर्मात्यांच्या दृष्टीने ती चोरी होती, यात शंका नाही. परंतु स्वागताच्या इतिहासात त्याच चोरट्या प्रतींनी सन्निधीचे कार्य केले. शिवाय त्यांच्यामुळे काही अंशी ओढवलेला आटोपशीरपणा पुढे या संग्रहाचा काव्यगुण म्हणून वाखाणला गेला. रचनेतील संयम कितपत कवीचा आणि कितपत परिस्थितीचा, हा प्रश्न पहिल्या रसिकांना पडला नाही.

दुसरी गोष्ट योग्यतेची, आणि पहिल्या प्रतिक्रिया मुख्यतः तिच्याच आहेत. ‘द सोर्स’ हे १९८८ साली सुरू झालेले नियतकालिक त्या काळी हिप-हॉपच्या क्षेत्रात प्रमाण मानले जाई. ध्वनिक्षेपकांच्या चित्रांनी गुण देण्याची त्याची पद्धत होती, आणि पाच ध्वनिक्षेपक ही त्यातील क्वचितच मिळणारी सर्वोच्च मान्यता. ‘इलमॅटिक’ला ती प्रसिद्धीच्या वेळीच मिळाली. नवख्या कवीच्या बाबतीत हे असाधारण होते. वीस वर्षांच्या नासची तुलना ताबडतोब राकिमशी होऊ लागली. चरणान्ती येणारे यमक चरणाच्या पोटात नेऊन अंतर्यमकांची साखळी विणण्याचे श्रेय १९८७ च्या ‘पेड इन फुल’पासून राकिमकडे जाते. नासने ती साखळी अधिक लांबविली, आणि वाक्याचा शेवट व तालाचा शेवट एकमेकांपासून सोडविले. वाक्य एका चरणात संपत नाही. ते पुढच्या चरणाच्या मध्यावर विसावते, आणि तोवर यमक दुसऱ्याच ठिकाणी वाजून गेलेले असते.

ही कारागिरी प्रथम श्रवणीच ओळखणारे श्रोते कोठून आले? विल्यम लॅबॉव्हने हार्लेममधील तरुणांच्या बोलीचा अभ्यास करून १९७२ च्या ग्रंथात दाखविले की, ती बोली प्रमाण इंग्रजीचा अपभ्रंश नसून स्वतःचे काटेकोर नियम असलेली भाषा आहे. परस्परांची खोडी काढण्याच्या तेथील शब्दखेळातही नियम आहेत, आणि भोवतीची मंडळी प्रत्येक टोल्याची लगेच पारख करतात, हेही त्याने नोंदविले. ‘इलमॅटिक’चा पहिला श्रोतृवर्ग याच परंपरेत तयार झालेला होता. अभिनवगुप्ताने काव्याच्या अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे तो सहृदय, असे सांगितले आहे. क्वीन्सब्रिजच्या कट्ट्यावरील पोराला ती संज्ञा नाकारण्याचे कारण दिसत नाही.

आता मूळ अडचणीकडे वळता येईल. अपेक्षा पुरी करूनही कृती नवी कशी राहते? ‘आण’ हे क्रियापद ऐकताच ‘काय’ ही आकांक्षा उत्पन्न होते. पण गाय, पाणी की पुस्तक, हे ती ठरवीत नाही. आकांक्षा पदाची जागा निश्चित करते, पद निश्चित करीत नाही. याउसच्या मांडणीत हा भेद पुरेसा स्पष्ट होत नाही. १९९१ च्या कडव्यातील ‘मी’ हा फुशारकी मारणारा, सर्वांना आव्हान देणारा ‘मी’ होता. श्रोत्यांना त्याच तोडीची रचना हवी होती, आणि ती मिळाली. पण त्या जागी आलेला ‘मी’ निराळा होता. ‘वन लव्ह’ हे गीत तुरुंगातील मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे. त्यातील ‘मी’ वसाहतीची खबरबात कळवितो, आणि शेवटी एका बारा वर्षांच्या मुलाशी बोलत बसतो. आव्हानाची जागा संबोधनाने आणि बढाईची जागा साक्षीने घेतली. कवीला हे अंतर ठाऊक असावे. कारण ‘द जेनेसिस’ या प्रवेशिकेत ‘वाइल्ड स्टाइल’ या १९८३ च्या चित्रपटातील ध्वनींबरोबर १९९१ चे ते कडवेही मागून ओझरते ऐकू येते. ज्या पदाने आकांक्षा निर्माण केली, ते कृतीच्या उंबरठ्यावरच मागे ठेविले आहे. पहिल्या प्रतिक्रियांनी बांधणीची पारख अचूक केली. ‘मी’मधील या स्थित्यंतराकडे मात्र त्यांचे लक्ष तुलनेने कमी गेले.

जेथे आकांक्षाच नव्हती, तेथे पूर्तीही झाली नाही. पहिल्या आठवड्यात संग्रहाच्या सुमारे ६०,००० प्रती खपल्या आणि ‘बिलबोर्ड’च्या यादीत तो बाराव्या स्थानी राहिला. याच्या पाच महिने आधी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, स्नूप डॉगी डॉग याचा पहिला संग्रह ‘डॉगीस्टाइल’ पहिल्या आठवड्यातच आठ लाखांवर गेला होता. त्याचीही प्रतीक्षा आधीच्या सहभागातूनच वाढली होती. पण ती आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांनी सर्वदूर पसरविली होती. ‘इलमॅटिक’ला दहा लाख प्रतींची मान्यता मिळण्यास २००१ साल उजाडले. २०२१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत त्याचा समावेश जाहीर केला. सहृदयांचा निर्णय समाजाने सत्तावीस वर्षांनी मान्य केला, असे म्हणता येईल. मात्र त्याची किंमत कवीला आधीच मोजावी लागली. १९९६ चा ‘इट वॉज रिटन’ यादीत थेट पहिला आला, आणि जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी त्याला निराशाजनक ठरविले. एकदा भरलेली जागा त्यांनी पदासकट गोठवून टाकली होती. आकांक्षा आता जागा मागत नव्हती. तेच पद पुन्हा मागत होती.

हा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही. नासचा सहभाग असलेल्या ‘मास अपील’ या संस्थेची भारतीय शाखा २०१९ साली सुरू झाली, आणि डिव्हाइन ऊर्फ विव्हियन फर्नांडिस हा अंधेरीचा रॅपर तिचा पहिला कलावंत ठरला. त्याचा ‘कोहिनूर’ हा पहिला संग्रह त्याच वर्षी आला. नेझीसमवेतचे ‘मेरे गली में’ २०१५ चे. मध्ये या दोघांच्या जीवनावरून प्रेरित झालेला ‘गली बॉय’ हा चित्रपट. काहींची आकांक्षा गल्लीतल्या गीताने जागविली होती, काहींची पडद्याने. मुंबईच्या रस्त्यावरील, मराठी शब्द सहज पोटात घेणाऱ्या हिंदीतील या काव्याचे स्वागत अभ्यासताना हे दोन श्रोतृवर्ग वेगळे ठेवावे लागतील.

सारांश, प्रथम प्रतिक्रिया हा उथळ उत्साह म्हणून बाजूस सारण्याचा भाग नव्हे, आणि अंतिम निर्णय म्हणून स्वीकारण्याचाही नव्हे. अपेक्षा कोणत्या जागेची होती आणि त्या जागी कोणते पद आले, हे दोन प्रश्न अलग विचारले, तर प्रतीक्षा हीदेखील कृतीच्या अर्थाची एक अट असल्याचे दिसून येते. ‘इलमॅटिक’च्या पहिल्या श्रोत्यांनी वाक्य तीन वर्षे जिवंत ठेविले, ही त्यांची कामगिरी; त्यातील नवे पद ऐकणे हे काम त्यांनी पुढच्यांसाठी ठेविले.