मनाची वही तपासायची कोणी?

‘कलेतून व चिंतनातून विद्यार्थ्यांमध्ये आत्मप्रेम रुजवणे’ हा विषय संशोधनाला घ्यावा असं अनेकांना वाटतं. विषय चांगलाच आहे. घोळ होतो तो आराखड्यात. एक शाळा, चाळीस मुलं, दहा दिवस चित्रं आणि रोजनिशी. आधी प्रश्नावली, नंतर तीच प्रश्नावली. आकडा वाढला की परिणाम सिद्ध!

गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास घ्या. ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं चित्र, कोलाज, माती असं काहीतरी केलं. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल कमी झालं. हे वाक्य उचलून ‘कलेने ताण कमी होतो’ असं लिहायचा मोह होतो. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. पाऊण तास निवांत बसूनही ते उतरलं असतं का? सांगता येत नाही. करी आणि कॅसर यांनी २००५ मध्ये ८४ विद्यार्थ्यांवर ही तुलना केली. मंडल रंगवणाऱ्यांची चिंता कमी झाली, पण साधी चौकडीची नक्षी रंगवणाऱ्यांचीही तेवढीच झाली. कोऱ्या कागदावर मनाला येईल ते काढणारे मागे राहिले. म्हणजे आपण ज्याला ‘मुक्त अभिव्यक्ती’ म्हणून डोक्यावर घेतो, त्याचाच तिथे सगळ्यात कमी उपयोग झाला.

रोजनिशीचं प्रकरण याहून नाजूक आहे. पेनबेकर आणि बील यांनी १९८६ मध्ये ४६ विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला लावलं. काहींनी आयुष्यातल्या आघातांबद्दल लिहिलं, काहींनी किरकोळ विषयांवर. आघात आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर अधिक वाईट वाटत होतं. पुढच्या सहा महिन्यांत मात्र त्यांच्या आरोग्यकेंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या. आता बघा, दहाव्या दिवशी ‘कसं वाटलं?’ विचारून आपण मोकळे झालो असतो, तर हा प्रयोग फसलाच म्हटला असता.

शिवाय ते लिखाण गोपनीय होतं. आपल्याकडे? बी.एड.च्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ‘अंडरस्टँडिंग द सेल्फ’ नावाचा भाग आहे, ‘ड्रामा अँड आर्ट इन एज्युकेशन’ही आहे. हेतू उत्तमच. पण आत्मचिंतनाच्या वहीवर गुण मिळणार असतील तर लिहिणारा तपासणाऱ्याला आवडेल तेच लिहील. वहीत सगळ्यांचा आत्मविश्वास वाढलेला असतो!

समजा तुम्ही मसुऱ्यातल्या आठवीच्या वर्गावर काम करणार आहात. मूल घरी मालवणी बोलतं. ‘कसो आसस?’ला ‘बरो आसंय’ म्हणणाऱ्या मुलाला ‘मी स्वतःशी प्रेमाने वागतो’ या विधानापुढे १ ते ५ मधला आकडा मांडायला सांगणं म्हणजे मनाच्या आधी प्रमाणभाषेचीच परीक्षा. अशी प्रश्नावली भाषांतर करून भागत नाही. थोड्या मुलांना शेजारी बसवून, त्यांना काय कळलं ते त्यांच्याच बोलीत ऐकावं लागतं.

कलेसाठी मंडलाच्या छापील पुस्तिका मागवायची तरी काय गरज? या भागात दशावतार आहे. नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो, संवाद लिहिलेले नसतात, ऐन वेळी सुचतील तसे येतात. संकासुर तर मालवणीतच बोलतो. ‘मला भीती वाटते’ हे स्वतःच्या नावाने न लिहिणारं मूल सोंगाच्या तोंडून ते बोलेल, असा माझा कयास आहे. कयासच, पुरावा नव्हे. म्हणूनच तो तपासण्याजोगा. एक गट दशावतारी सोंगाचा, एक चौकडी रंगवणारा, एक नेहमीच्या तासाचा.

एक गोष्ट मार्गदर्शकांशी आधीच बोला. पेनबेकरकडे कॉलेजातली मुलं होती, तुमच्याकडे तेरा वर्षांची असतील. घरात मार खाणाऱ्या मुलीने वहीत ते लिहिलं तर? संपूर्ण गुप्ततेचं वचन देऊच नका. वही मुलांकडेच राहील, पण कोणी इजा करत असल्याचं तुमच्या कानावर आलं तर गप्प बसणार नाही, हे पहिल्या दिवशी सांगा. १०९८ हा नंबर फळ्यावर लिहा. मोजणी दहाव्या दिवशी करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. तो दुसरा महिना परीक्षेचा येणार नाही, हे शाळेचं वेळापत्रक पाहूनच ठरवा.