पाळकाच्या घरची खबर कोण लिहितं?

नमस्कार मंडळी. हा शब्द आज मुद्दाम वापरतोय. एरवी व्याख्यानात 'मंडळी' म्हणजे समोर बसलेले श्रोते. ख्रिस्ती मराठीत मात्र मंडळी म्हणजे एका चर्चचे सगळे सभासद, आणि त्यांना सांभाळणारा तो पाळक. आजचा विषय या दोघांमधल्या एका साध्या लिखाणाचा आहे: लहान चर्चचा पाळक आपल्या रोजच्या जगण्याच्या ज्या बातम्या लिहितो, त्यांचा. उपासनेला किती जण आले, कोण आजारी आहे, छप्पर कुठे गळतंय, घरात काय चाललंय. याला साहित्य म्हणायचं का? आमचं उत्तर असं, की आधी ती खबर कोण लिहितंय आणि कुणासाठी, ते बघावं. तिची किंमत तिथेच ठरते.

आता ही गोष्ट मालेगावात कशाला? नाशिकच्या नाही, आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात. कारण इथून जवळच वाशीमला नाझरीन मिशनचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आहे, अकोला-खामगावकडे अलायन्स मिशनचं काम झालं. म्हणजे मिशन हा शब्द वऱ्हाडाला नवा नाही. बाप्टिस्ट हे नाव मात्र इकडे फारसं कानावर येत नाही. भारतात ते जास्त ऐकू येतं नागालँडमध्ये आणि तेलुगू मुलखात. पण आपल्या विषयासाठी बाप्टिस्टांची रीत समजून घ्यायला हवी. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा नाही, कळत्या माणसाने विश्वासाने घ्यायचा, ही त्यांची एक ओळख. दुसरी अशी, की प्रत्येक मंडळी आपली आपण स्वतंत्र. वर बिशप नाही. पाळकाला बोलावणारीही मंडळीच आणि त्याचं पोट भरणारीही मंडळीच. मंडळी गरीब तर पाळकही गरीब. म्हणून अशा पाळकाच्या लिखाणात शास्त्रवचनाच्या शेजारी किराण्याचा हिशेब येतो. दोन्हींचा उगम एकच आहे ना!

याचं सगळ्यात ठळक उदाहरण मराठीशी जोडलेलं आहे. विल्यम केरी. १८०५ साली मराठी व्याकरण, १८१० साली मराठी कोश. हे काम त्याने वैजनाथ पंडितांच्या मदतीने केलं, हे आपण भाषेच्या इतिहासात शिकतो. पण केरी मुळात इंग्लंडमधल्या मोल्टन गावच्या छोट्या बाप्टिस्ट चर्चचा पाळक. मंडळी देईल त्यात घर चालेना, म्हणून तो शाळा घ्यायचा, जोडे शिवायचा. १७९२ साली बाप्टिस्टांची मिशनरी संस्था निघाली आणि १७९३ च्या नोव्हेंबरात तो बंगालमध्ये उतरला. तिथून त्याने रोजनिशी लिहिली, पत्रं पाठवली. त्या पानांत ताप आहे, कर्ज आहे, एकटेपणा आहे, १७९४ साली गेलेला पाच वर्षांचा मुलगा पीटर आहे. माणूस प्रामाणिक आहे, यात शंका नाही.

पण त्या घरात डोरोथीही होती, त्याची बायको. आधी ती यायलाच तयार नव्हती. मुलगा गेल्यानंतर तिचं मन ढासळलं, आणि १८०७ मध्ये मरेपर्यंत ती सावरली नाही. म्हणजे ज्या वर्षी आपलं व्याकरण छापलं गेलं, त्या वर्षी ती त्याच घरात होती. तिची बाजू आपल्याला कुठे मिळते? तिच्या शब्दांत कुठेच नाही. लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली मारली होती. चरित्रकार तिच्याविषयी लिहितात. ती स्वतः एक ओळ ठेवून गेली नाही. पाळकाच्या घरची खबर फक्त पाळकाने दिली की काय राहून जातं, ते त्या फुलीत दिसतं.

आता आपल्याकडे या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ते बाप्टिस्ट नव्हते; अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी काम केलं. त्यांच्या बायकोलाही शाळा नव्हती. अक्षरं आली ती लग्नानंतर. पण इथे ती बाई लिहिती झाली. १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे' चार भागांत आली आणि एका पाळकाच्या घरची खबर स्वयंपाकघराच्या बाजूने मराठीला मिळाली.

'स्मृतिचित्रे'चं कौतुक आपण साधेपणासाठी, विनोदासाठी, नवराबायकोच्या विलक्षण संसारासाठी करतो. ते बरोबरच आहे. पण त्यात एक गोष्ट हातातून निसटते. हे पुस्तक धर्मकार्याचा खर्च कुणी सोसला, याचा हिशेब आहे. टिळक उदार, पैसा हाती आला की दुसऱ्याच्या गरजेला निघून जायचा. १९१७ साली त्यांनी मिशनचं काम आणि पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' मांडला. चरित्रात हा त्यागाचा क्षण. पण पगार सोडला म्हणजे उद्याची चूल कशी पेटायची, हा प्रश्न ज्या बाईपुढे उभा राहतो, तिच्या नजरेतून त्याग वेगळा दिसतो. लक्ष्मीबाई तक्रार करत नाहीत, भक्तीही करत नाहीत. काय झालं ते सांगतात. नवऱ्याचा मोठेपणा कमी न करता त्याची किंमत सांगणं, ही त्यांची खरी कमाई.

हे त्यांना जमलं, कारण त्या कुणाला अहवाल देत नव्हत्या. मिशनचा अहवाल पैसे देणाऱ्याकडे तोंड करून लिहिलेला असतो. त्यात बाप्तिस्मे मोजले जातात, शाळा मोजल्या जातात, अपयश 'प्रार्थनेची विनंती' होऊन येतं. लिहिणारा खोटं बोलतो असं नाही. पण देणगीदार समोर बसला की वाक्य आपोआप ताठ होतं. लक्ष्मीबाईंचं वाक्य ओसरीवर पाय पसरून बसतं.

इथे टीकाकाराने थांबून चालणार नाही. 'स्मृतिचित्रे'तही एक बाजू राहतेच. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आलेले होते. ते या पुस्तकात येतात, पण ब्राह्मण घरातून आलेल्या बाईच्या नजरेतून. सोवळं एकेक करून कसं सुटत गेलं, हे त्या निर्भीडपणे सांगतात, आणि मराठीत ते अमोल आहे. पण ज्यांच्या हातचं पाणी पिणं हा त्या बाईपुढचा प्रश्न होता, त्यांना तेव्हा काय वाटलं? त्यांच्यातही पाळक झाले, शिक्षक झाले, बायबल सांगणाऱ्या बाया झाल्या. त्यांच्या घरची खबर 'स्मृतिचित्रे'इतकी घरोघरी पोचली नाही. मराठी समीक्षेने ही उणीव नीट बोलून दाखवली पाहिजे, असं आम्हाला वाटतं. ख्रिस्ती साहित्य म्हटलं की टिळक पतिपत्नी आणि बाबा पदमनजी, एवढ्यावर आपलं कपाट बंद होतं.

म्हणून आजच्या लहान चर्चच्या पाळकाचं साधं लिखाण आम्ही हलकं मानत नाही. समजा, असा कुणी पाळक लिहितो: सोयाबीन काढणीला आलं, रविवारी उपासनेला सातच जण, दशांश कुणाकडे मागायचा, कर्ज तर सगळ्यांच्याच डोक्यावर. या दोन ओळींत श्रद्धा आहे, शेती आहे, लाज आहे. त्यापुढे तोच 'तरीही प्रभूचं कार्य जोमाने वाढत आहे' असं लिहील, तर समजावं, देणगीदार आत आला. आणि त्याऐवजी बायकोने शिलाई मशीन काढली, असं लिहील, तर खबर पुन्हा घरी आली. त्याहून चांगलं म्हणजे ती ओळ बायकोनेच लिहावी.

असलं लिखाण कुणाकडे असेल, वहीत असो, मोबाईलमध्ये असो, ते टाकू नका. सुधारून शुद्धही करू नका. सातला सत्तर करू नका. सात माणसांपुढे रविवारी कुणीतरी उभं राहिलं होतं, आणि घरी कुणीतरी त्याची वाट बघत होतं, एवढं खरं उरलं तरी पुढच्या वाचकाला पुष्कळ आहे.