खुशालीच्या पत्रांचे परके वाचक

सैनिकाने छावणीतून घरी धाडलेल्या पत्राकडे आपली समीक्षा सहसा फिरकत नाही. तो इतिहासकाराचा कागद, असे धरून आपण पुढे जातो. डेव्हिड ओमिसी यांनी संपादित केलेला ‘इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर’ हा १९९९ सालचा इंग्रजी संग्रह वाचल्यावर ही सवय सोडावी, असे आम्हाला वाटते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या हिंदी शिपायांची, आणि काही त्यांच्या घरच्यांची, साडेसहाशेच्या आसपास पत्रे त्यात आहेत. लिहिणाऱ्यांत मुसलमान शिपाई मोठ्या संख्येने आहेत. परंतु केवळ तेवढ्यासाठी आम्ही हे पुस्तक हाती घेतलेले नाही. अशी पत्रे वाचावीत कशी, हा आमचा प्रश्न आहे.

आधी या पत्रांचा प्रवास पाहू. लाहोर आणि मीरत डिव्हिजनचे शिपाई सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस मार्सेलिसच्या बंदरात उतरू लागले. त्यांच्यातील बहुतेकांना लिहिता येत नव्हते. पलटणीतला लिहिणारा गाठायचा आणि त्याला मजकूर सांगायचा. ते पत्र पलटणीच्या अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाई. पुढे बूलोन येथे हिंदी टपालासाठी सेन्सॉरची कचेरी होती. कॅप्टन एव्हलिन हॉवेल तिचे प्रमुख होते. १९१५ च्या आरंभीच्या महिन्यांत आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहिली जात होती. त्यांतील निवडक पत्रांतले उतारे इंग्रजीत करून वरिष्ठांना अहवाल जात. गावी पत्र पोचले तरी ते वाचायला पुन्हा मौलवी, मास्तर किंवा पोस्टमन लागे. म्हणजे नवरा-बायकोच्या, बाप-लेकाच्या बोलण्यात इतकी माणसे बसलेली! मूळ पत्रे बहुतेक हरवली. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत उरली आहेत ती प्रामुख्याने सेन्सॉरच्या दफ्तरातली इंग्रजी भाषांतरे. ज्याने पाळत ठेवली, त्याच्यामुळेच हे शब्द आपल्यापर्यंत आले, ही गोष्ट वाचताना क्षणभरही विसरता येत नाही.

या पत्रांचे दोन ठरावीक अर्थ लावले जातात. एक गट त्यांत सरकारच्या मिठाला जागणारा शिपाई शोधतो. दुसरा गट साम्राज्यावर चिडलेला बंडखोर शोधतो. दोन्ही मंडळींना आपापल्या सोयीच्या ओळी सापडतात. परंतु आपले पत्र साहेब वाचणार, हे शिपायाला लवकरच कळले होते. तेव्हा राजनिष्ठेची ओळ घरासाठी की साहेबासाठी, हे आधी विचारावे लागते. आणि जे साहेबाला कळू द्यायचे नाही, ते आडून सांगावे लागते. काही पत्रांत हिंदी शिपायाला काळी मिरी आणि गोऱ्या शिपायाला लाल मिरची म्हटले आहे. काळी मिरी संपत चालली, ही खबर स्वयंपाकघराची वाटते. आहे ती मेलेल्या माणसांची. सेन्सॉरलाही हा इशारा उमगला होता, हा भाग वेगळा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाने येथे रूपक योजले आहे. ते सजावटीसाठी आलेले नाही, गरजेतून आले आहे. आपल्या समीक्षेने याची नोंद घ्यायला नको काय?

तरीही संग्रहाचा गाभा अशा सांकेतिक ओळींत नाही. तो घरगुती चौकशीत आहे. पाऊस झाला का, पीक कसे आहे, कर्ज किती फिटले, कज्जा कुठवर आला, पैसे पोचले का, पोराच्या लग्नाचे काय ठरले? खंदकातून हा माणूस कुटुंब चालवू पाहतो. फ्रान्समध्ये पुरुष आघाडीवर असताना बायका शेती सांभाळताना तो पाहतो. तेथे मुली शाळेत जाताना पाहतो आणि घरी कळवतो, की आपल्याही मुलींना शिकवा. याला कुणी केवळ युरोपचा प्रभाव म्हणेल. आमचे वाचन थोडे वेगळे आहे. आपल्या मनातले बोल दुसऱ्याच्या हाताने लिहवून घेताना माणसाला काय गमवावे लागते, हे या शिपायाइतके कोणाला ठाऊक असणार? बायकोने स्वतः लिहिलेले पत्र त्याला हवे असेल, तर मुलीच्या शाळेचा आग्रह त्याच इच्छेतून आलेला असू शकतो.

मुसलमान शिपायाची कोंडी आणखी वेगळी होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाने, म्हणजे खलिफाने, जिहादचे फर्मान काढले. १९१६ साली बसऱ्यात पंधराव्या लान्सर्सच्या मुसलमान स्वारांनी तुर्कांवर चालून जायला नकार दिला; त्यांच्यावर कोर्टमार्शल झाले. नकार देणाऱ्यांची नोंद लष्करी कागदांत आहे. बाकीच्यांच्या मनात काय होते? पत्रांत रमजानचे रोजे येतात, नमाज येते, कुराणाची मागणी येते. खलिफाविषयी उघड बोलणे मात्र थोडे. या मौनाला संमती म्हणणे घाईचे, आणि बंड म्हणणेही घाईचेच. चांगल्या वाचकाने येथे थांबावे.

संग्रहाची मर्यादाही सांगितली पाहिजे. टपाल मुख्यतः फ्रान्समधले, त्यामुळे आवाज पंजाबचा आणि सरहद्दीचा. आपला दख्खनी मुसलमान येथे विरळ आहे. तो युद्धात नव्हता असे नाही. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत हाय वूडपाशी चालून गेलेल्या डेक्कन हॉर्समध्ये तो होता. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या, आणि या पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूतला वेढा पडला, तेव्हा आत मराठा पलटणीही अडकल्या होत्या. सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आजही दिसतात. गावातून किती गेले आणि किती मेले, एवढा आकडा त्यांवर आहे. नावे नाहीत.

घरात दख्खनी, बाजारात मराठी, पत्र उर्दूत आणि सरकारी दफ्तरात इंग्रजी, असा या माणसाचा भाषाप्रवास. आपली भाषा कोणती, यावर आपण संमेलनांतून वर्षानुवर्षे बोलत आलो. हा शिपाई त्याच प्रश्नाला रोज तोंड देत होता, तेही बायकोला खुशाली कळवण्यासाठी. मुस्लीम मराठी साहित्याचा इतिहास छापील पुस्तकांपासूनच सुरू करायचा, की अशा सांगून लिहवलेल्या शब्दांनाही त्यात जागा द्यायची, याचा निर्णय आता व्हावा.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. जुन्या पेटीत उर्दू, मोडी किंवा बाळबोध लिपीतले लष्करी टपाल असेल, तर वाचता येत नाही म्हणून ते रद्दीत देऊ नका. जाणकाराकडून वाचून घ्या, नक्कल करून ठेवा, पत्र कोणी सांगितले आणि कोणी लिहिले तेही माहीत असल्यास नोंदवा. फ्रान्सच्या टपालाला निदान सेन्सॉर तरी मिळाला. आपल्या घरातल्या पत्रांना वाचक आपणच मिळवून द्यायला हवा.